शेवटच्या स्टॉपचा टोमॅटो

मेट्रनबाईंनी पान तळहातावर उलटं घेतलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्याच्या वरून बघितलं. कालच्या डागाला बाहेरून आणखी एक कडं आलं होतं. तपकिरी डाग, वर्तुळात वर्तुळ, भोवती पिवळी झाक. बोट लावताच मधला भाग चुरा होऊन खाली पडला.

"वाढलंय," त्या झाडाला म्हणाल्या. झाडाशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

बादलीत फडकं बुचकळून, पिळून त्यांनी पान पुसायला घेतलं. आधी वरून, मग खालून, मग देठ. आज बादलीत दूध होतं, एका वाटीला नऊ वाट्या पाणी. काल खाण्याचा सोडा होता, आणि तो पानाला धरून राहावा म्हणून त्यात साबणाचे चार थेंब. त्याच्या आधी ठेचलेल्या लसणाचं पाणी, आणि त्याच्याही आधी कडुलिंबाचं तेल, ज्याचा वास हातांना इतका बसला की ड्रायव्हरसाहेबांनी जेवताना विचारलं होतं, आज भाजीत काय घातलंयस? रोपं विकणाऱ्याने पान बघून सांगितलं होतं, "करपा आहे, बुरशी. औषध देतो, दोन फवाऱ्यांत जाईल." मेट्रनबाईंनी त्याला लांबूनच हात जोडले. त्यांचे यजमान, ड्रायव्हरसाहेब, टोमॅटो झाडावरून तोडून, शर्टाला पुसून, तिथल्या तिथे खाणाऱ्यांपैकी. त्या झाडावर विष मारायचं म्हणजे नवऱ्याच्या ताटात मारायचं. घरात बरं होण्यासारखं दुखणं बाहेर न्यायचं नाही, हे मोठ्या दवाखान्यात जन्म काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं.

फवाऱ्यावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. नुसतं शिंपडून काय होतं? पुसल्याशिवाय स्वच्छ होत नाही, हे त्यांनी नर्सिंगच्या कित्येक पोरींच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवलं होतं. निवृत्त झाल्यावर पोरी गेल्या, दवाखाना गेला, पण हातोडी राहिली. गल्लीतले लोक अजून त्यांना मेट्रनबाईच म्हणत, आणि त्या दिसल्या की उगीचच नखं बघून घेत.

गच्चीच्या कठड्याला लागून अर्धी कापलेली सात पिंपं ओळीने उभी होती, प्रत्येकात एक टोमॅटो. लावताना ड्रायव्हरसाहेबांनी त्यांना नावं दिली होती. ज्या मार्गावर त्यांनी आयुष्यभर बस चालवली, त्याच मार्गाचे थांबे. दारातला डेपो, मग शाळा, बाजार, पोस्ट, पूल, गिरणी, आणि पाण्याच्या टाकीपाशी कोपऱ्यातला शेवटचा स्टॉप. दुखणं सुरू झालं ते शेवटच्या स्टॉपपासून. म्हणून मेट्रनबाईंचा राउंडही तिथूनच सुरू व्हायचा. जो जास्त आजारी, त्याच्याकडे आधी. वॉर्डात हाच नियम. त्याचं सगळं अंग पुसून झालं की त्या बादली उचलून दारापाशी येत आणि मग डेपोपासून रांगेने, एकेक पान करत, गिरणीपर्यंत जात. रांग मधूनच धरायची हे त्यांच्या हातून झालंच नसतं.

इतकं करूनही डेपोवर डाग आले होते. शाळेवर आले होते. बाजाराच्या खालच्या पानांवर काल नव्हते ते आज होते. मेट्रनबाईंच्या वॉर्डात कधी साथ पसरली नव्हती. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि फडकं पुन्हा पिळलं.

*

"रिपोर्ट," ड्रायव्हरसाहेब खिडकीतल्या खुर्चीतून म्हणाले.

"सगळे स्टेबल."

"डेपो?"

"फुलं धरलीत."

हे खरं होतं, फक्त गेल्या पंधरवड्यातलं.

"आणि आमचा शेवटचा स्टॉप?"

"खातोय, पितोय. तुमच्यापेक्षा बरा आहे, कुरकुर करत नाही." मेट्रनबाईंनी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला. घेताना मनगटावर दोन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ड्रायव्हरसाहेबांना त्याची इतकी सवय झाली होती की कप देताना ते मनगट आपणहून उलटं करत.

"मग मला बेल कधी?"

"जिना कुठे पळून जातोय?"

ही बेलची गोष्ट आता गल्लीभर झाली होती. बसमध्ये कंडक्टरने एक बेल दिली की थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. ड्रायव्हरसाहेबांनी उभ्या नोकरीत डबल बेल ऐकल्याशिवाय गाडी कधी हलवली नव्हती, आणि हे ते अभिमानाने सांगत. छातीचं ऑपरेशन होऊन घरी आल्यावर ते खोल्यांमधून फिरू लागले, मग फाटकापर्यंत जाऊ लागले. पण जे भेटायला येत ते हमखास विचारत, गच्चीवर कधी? सकाळ-संध्याकाळ गच्चीवर असणारा माणूस, न विचारून कसं चालेल. मग ड्रायव्हरसाहेब खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणत, "डबल बेल नाही मिळाली अजून. माझी कंडक्टर फार कडक आहे." पाहुणे हसत आणि मेट्रनबाईंकडे बघत. मेट्रनबाई ते निमूट सोसत. मेट्रनच्या नशिबी वाईटपणा असतोच, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

खरं म्हणजे डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं, आता जिना चढा, सावकाश, रोज. मेट्रनबाई शेजारीच बसल्या होत्या. "बघू," असं म्हणून त्यांनीच विषय मिटवला होता. कारण वर करपा आला होता. आजारी माणसाला आजारी झाड दाखवायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर नवऱ्याचं पहिलं वाक्य "मी कुठे आहे" हे नव्हतं. "पाणी घातलंस का" हे होतं. ज्याचा जीव त्या पिंपांत अडकलाय, त्याने वर जाऊन काय बघायचं? वाळलेल्या काड्या? मग खाली येऊन तो त्या खुर्चीत बसेल तो कायमचा. आताच शर्ट खांद्यांवरून उतरायला लागले होते. बोलणं तेवढं पूर्वीसारखं मोठं, बाकी माणूस दिवसादिवसाने खुर्चीत खाली खाली जात होता. मेट्रनबाईंना हे बघवत नव्हतं, आणि त्यावर त्यांच्याकडे एकच इलाज होता. झाडं बरी करायची, आणि बऱ्या झालेल्या झाडांपुढे नवऱ्याला नेऊन उभं करायचं.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

"तुझा उद्या कॅलेंडरात नसतो," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

*

दुपारी तिकीट आला. हा ड्रायव्हरसाहेबांचा कंडक्टर. दोघांनी एका गाडीवर इतकी वर्षं काढली होती की निवृत्तीनंतरही तिकीट दोन दिवस आला नाही तर ड्रायव्हरसाहेबांना मागची बाजू रिकामी वाटायची. पत्ते वाटण्याआधी तो टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा, तेव्हा कुठे ड्रायव्हरसाहेब पान उचलत.

आज आल्या आल्या त्याने मेट्रनबाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं आणि पिशवी पुढे केली.

"वहिनी, राख. बेकरीच्या भट्टीतली, चाळून आणलीय. बुरशीला राखेसारखा वैरी नाही दुसरा."

"हळू बोला, भाऊजी. त्यांना ठाऊक नाही."

"उस्तादांना अजून सांगितलं नाहीत?" तिकिटाने आत डोकावून बघितलं. ड्रायव्हरसाहेब पत्ते पिसत होते. "मला तर वाटलं, तुम्ही त्यांच्यापासून काही लपवत नाही."

"चला वर. बोलू नका."

गच्चीवर तिकीट कमरेवर हात ठेवून रांगेपुढे उभा राहिला. जन्मभर माणसं मोजण्यात गेलेला माणूस, त्याची नजर आपोआप पहिल्या पिंपापासून शेवटच्यापर्यंत गेली आणि परत आली.

"हा रोग बिनतिकिटाचा दिसतोय," तो म्हणाला.

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. बघा ना. चढला कुठे? शेवटच्या स्टॉपला. परत फिरला तर वाटेत पहिली लागणार गिरणी. आणि गिरणी तर कोरी करकरीत. तिच्या अलीकडे पूल, तोही बरा. आणि हा गडी थेट डेपोत जाऊन उतरलाय. डेपो, शाळा, बाजार. मधले थांबे घेतलेच नाहीत. असा कुठला रोग?"

"वाऱ्याने गेला असेल."

"वारा गिरणीला वळसा घालून जाईल?"

मेट्रनबाईंनी गिरणीचं पान उलटून बघितलं. त्यांना राग आला होता, कारण प्रश्न बरोबर होता आणि तो आपल्याला आधी पडायला हवा होता.

तिकीट राखेची पिशवी सोडता सोडता बोलतच राहिला. त्याला बोलण्यासाठी कुणी ऐकण्याची गरज नसे.

"एकदा माझे डोळे आले होते. रजा शिल्लक नव्हती, काळा चष्मा लावून ड्यूटीवर गेलो. डोळे चोळायचे, पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं. आठवडा गेला नाही तोच आमच्या गाडीच्या नेहमीच्या सगळ्या पॅसेंजरांचे डोळे लाल. पुढच्या दाराचे लाल, मागच्या दाराचे लाल. लोक म्हणाले, हवा खराब आहे. हवा कसली? एक म्हातारी तेवढी वाचली. माझ्या जागेला अगदी खेटून बसायची ती, पण तिला लागण नाही. का, तर तिचा पास होता. तिच्या हातात मी कधी काही दिलंच नाही." तो हसला. "आणि दुसरे वाचले ते उस्ताद. केबिनमध्ये बसलेले ना."

मेट्रनबाईंच्या हातात बादलीच्या कडेवरचं फडकं होतं. केव्हा उचललं ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी फडक्याकडे बघितलं. मग टाकीजवळच्या कोपऱ्याकडे. मग तिथून दारापर्यंत आपण रोज ज्या वाटेने चालतो, त्या वाटेकडे. दारापासून पुन्हा रांगेने. डेपो. शाळा. बाजार. पोस्टाच्या खालच्या पानावर आता त्यांना नखाएवढा डाग दिसला, कोवळा, नुकता धरलेला. आणि सगळ्यांत शेवटी गिरणी, जिच्यापर्यंत पोचेतो फडकं बादलीत कितीतरी वेळा बुडून निघालेलं असायचं.

त्यांच्या कानशिलांची आग झाली.

सबंध नोकरीत त्यांनी एक वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की नव्या पोरी त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करताना तेच वाक्य म्हणत. एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जाताना हात धुवा. आणि इथे त्या रोज सकाळी, चांगल्या मनाने, सगळ्यांत आजारी झाडाला पुसलेलं फडकं घेऊन निरोगी झाडांच्या दारात गेल्या होत्या. वर त्यांची पानं ओली करून ठेवत होत्या. बुरशीला ओलाव्याखेरीज लागतं काय? दूध चुकलं नव्हतं, सोडा चुकला नव्हता, लसणानेही काही वाईट केलं नव्हतं. साथ पसरवणारे हात त्यांचे होते.

"राख टाकू ना?" तिकिटाने विचारलं.

"गिरणी आणि पुलाला टाका. बुंध्याशी, पानांवर नको. आणि मग खाली जाऊन त्यांना पत्त्यांत गुंतवा. मला इथे काम आहे."

"गुंतवतो. पण जिंकलो तर उस्ताद रुसतात."

"मग हरा."

तिकीट गेल्यावर त्या उपड्या घमेल्यावर जरा बसल्या. रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे शोधायला लांब जायला नको होतं. एखाद्या पोरीच्या हातून हे झालं असतं तर त्यांनी तिला उभ्या जागी सोलून काढलं असतं. स्वतःला सोलायला मात्र आत्ता वेळ नव्हता.

त्या खाली जाऊन उकळतं पाणी आणि कात्री घेऊन आल्या. या वेळी गिरणीपासून सुरुवात केली. मातीला टेकलेली खालची पानं कापली, कात्री उकळत्या पाण्यात बुडवली, हात धुतले, मग पूल. असं करत त्या निरोगी झाडांकडून आजाऱ्यांकडे गेल्या. मातीवर वाळकं गवत पसरलं, म्हणजे पाणी घालताना चिखल उडून पानांवर यायला नको. पाणी यापुढे बुंध्याशीच, तेही सकाळी. पोस्टाचं एक पान गेलं. बाजार निम्मा उरला. शाळेचा नुसता दांडा राहिला, टोकाला चार पानं. डेपो आणि शेवटचा स्टॉप त्यांनी मुळासकट उपटले आणि पोत्यात घालून तोंड बांधलं. फडकं त्याच पोत्यात गेलं.

गिरणीच्या पानांआड एक फळ होतं. हिरवं, लिंबाएवढं. हात तिकडे गेला, पण त्यांनी तो परत घेतला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंनी रिपोर्ट उभ्याने दिला नाही. स्टूल ओढून त्या खुर्चीसमोर बसल्या. वाईट बातमी बसून सांगायची, समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, हाही वॉर्डातलाच नियम.

ड्रायव्हरसाहेबांनी स्टुलाकडे बघितलं आणि पेपर खाली ठेवला.

"दोन गेले," मेट्रनबाई म्हणाल्या. "डेपो आणि शेवटचा स्टॉप. शाळा अत्यवस्थ. बाजार निम्मा कापला. पोस्ट बहुतेक तरेल. पूल आणि गिरणी बरे आहेत."

"कशाने?"

"करप्याने. आणि माझ्यामुळे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दूध, सोडा, लसूण, फडकं, राउंड. एकही गोष्ट सौम्य केली नाही. "सगळे स्टेबल" हे खोटं होतं, तेही सांगितलं. सांगताना त्या नवऱ्याच्या खांद्यांकडे बघत होत्या. आता खचतील, आता खचतील, असं वाटत होतं. खांदे हलले खरे. पण ड्रायव्हरसाहेब हसत होते. ऑपरेशनपासून हसताना ते छातीवर हात दाबून धरत, तसा धरला होता.

"म्हणजे रोगाला बोटाला धरून, थांब्याथांब्यावर, तूच नेऊन सोडलंस."

"हसा."

"आणि गल्लीला हात धुवायला लावतेस."

"हसा, हसून घ्या. माझी हक्काची फजिती आहे, दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेणार नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी डोळे पुसले. "गिरणीला काही धरलंय का?"

"एक. लिंबाएवढं झालंय."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हाय खाल्ली असती."

"दोन टोमॅटोंसाठी?"

मेट्रनबाई उठल्या. त्यांनी स्टूल सरकवून जागेवर ठेवलं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "माझे हात त्या झाडांपासून लांब पाहिजेत. मी वर गेले की मला काहीतरी पुसावंसं वाटतं, आणि त्यांना आता कोरडं राहू द्यायचंय. तिथे असा माणूस हवा, ज्याला काही न करता एका जागी बसता येतं. तुम्ही सगळी नोकरी बसून केलीत."

"बसून? गाडी काय पुढून तू ओढत होतीस?"

"डॉक्टरांनी कधीच परवानगी दिलीय. मीच थांबवलं होतं, वरचं नीट होईपर्यंत. तेही माझं चुकलं. चला."

त्यांनी गच्चीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवली. डबल बेल.

ड्रायव्हरसाहेब उठले नाहीत.

"आत्ता?" ते म्हणाले.

"मग कधी?"

"नाही, जाऊ की. चष्मा कुठे गेला?"

चष्मा डोळ्यांवर होता. तो पुसून झाला. मग त्यांना पाणी हवं झालं. पाणी पिऊन झाल्यावर चप्पल नको, जिन्यावर सटकते, बूट घालतो म्हणाले. बूट घातले, नाड्या बांधल्या, एक नाडी सोडून पुन्हा बांधली. "आज तिकीट येणार ना दुपारी? त्याच्याबरोबरच जातो, त्यालाही बरं वाटेल." मग खिडकीतून वर बघत, "ऊनही जरा चढलंय." ऊन अजून फाटकापाशीसुद्धा आलं नव्हतं. बोलता बोलता ते दोन्ही तळहात पँटवर घासत होते, पुढे-मागे, पुढे-मागे.

मेट्रनबाई दारात किल्ली घेऊन उभ्या होत्या. हे तळहात त्यांच्या ओळखीचे होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर झोपलेले मोठे मोठे पुरुष असेच पाणी मागत, चष्मा मागत, चादरीला हात पुसत. ड्रायव्हरसाहेब घाबरले होते. आज नाही, पहिल्यापासून. फाटकापर्यंत जाणारा माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीकडे कधी वळला नव्हता, हे मेट्रनबाईंना आता दिसलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बेलची गोष्ट इतक्या मोठ्या आवाजात का सांगितली जात होती, तेही दिसलं. आणि आपण त्या गोष्टीला रोज सकाळी "बघू, बघू" म्हणत खतपाणी घातलं.

त्यांना वाटलं, किल्ली परत खिळ्याला लावावी, राहू दे आज म्हणावं. तसं म्हटलं असतं तर त्या क्षणी दोघांनाही बरं वाटलं असतं.

"कंडक्टर मागे असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा."

ड्रायव्हरसाहेबांनी एकदा खुर्चीकडे बघितलं आणि ते उठले.

जिना अरुंद होता. लोखंडी कठड्याचा हिरवा रंग हात लागून लागून जागोजागी गेला होता. ड्रायव्हरसाहेब पायरीवर एक पाय ठेवत, दुसरा त्याच पायरीवर आणत, मग पुढची. बोलणं थांबलं होतं, आणि त्यांच्या बाबतीत हेच मोठं लक्षण होतं. मेट्रनबाई दोन पायऱ्या खाली राहून त्यांचा श्वास ऐकत होत्या. श्वास जलद होता, पण चांगला होता. त्यात शिट्टी नव्हती, घरघर नव्हती. कानांचा रंग ठीक होता. शरीराला काही झालेलं नव्हतं, याची त्यांना खात्री होती. पण कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती, आणि डोकं वर होत नव्हतं. पहिल्या मजल्याचा टप्पा आला. तिथे कुणीतरी जुनी लाकडी पेटी ठेवलेली होती. ड्रायव्हरसाहेबांनी पेटीकडे बघितलं आणि ते पुढची पायरी चढले. थांबूया, असं ते मरून गेले असते तरी म्हणाले नसते. ज्या थांब्याला बेल मिळाली नाही, तिथे त्यांनी गाडी कधी उभी केली नव्हती.

मेट्रनबाईंनी किल्ली कठड्यावर वाजवली. एकदाच.

ड्रायव्हरसाहेब जागच्या जागी थांबले. मान वळवून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"थांबा हो जरा. मला दम लागलाय."

ते बघत राहिले. ही बाई रोज सकाळी भरलेली बादली घेऊन हाच जिना चढत होती. तिची पावलं खिडकीतल्या खुर्चीपर्यंत ऐकू यायची, वरच्या गच्चीपर्यंत, मधे एकदाही न अडखळता. मेट्रनबाईंनी नजर खाली वळवली नाही. छातीवर हात ठेवला आणि दोन-तीन श्वास जरा मोठ्याने घेतले. नाटक करायची सवय नसल्यामुळे ते फारसं जमलं नाही.

ड्रायव्हरसाहेब एक पायरी खाली आले. पेटीवर बसले आणि बाजूला सरून त्यांनी जागा केली. मेट्रनबाई शेजारी टेकल्या. वरून, गच्चीच्या बंद दाराच्या फटीतून, उजेडाची एक पट्टी पायऱ्यांवर आली होती.

ड्रायव्हरसाहेबांनी पँटवरचे हात उचलले आणि त्यातला एक मेट्रनबाईंच्या हातावर ठेवला. तो घामाने ओला होता.

"होतं असं," ते म्हणाले. "लाजायचं नाही त्यात. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा चढायचं म्हणजे भीती वाटतेच माणसाला."

"वाटते हो," मेट्रनबाई म्हणाल्या.

"वर पोचेन की नाही, असं वाटतं."

"हो."

"कुणाला सांगताही येत नाही."

मेट्रनबाईंनी मान हलवली. नवऱ्याचा हात त्यांनी तसाच राहू दिला. मनगट बोटांच्या आवाक्यात होतं, पण त्यांनी नाडी बघितली नाही.

"सावकाश," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "बरं वाटलं की तूच बेल दे. मला घाई नाही."

त्या बसून राहिल्या. शेजारचा श्वास हळूहळू खाली आला आणि त्यांच्या श्वासाच्या बरोबरीने चालायला लागला. खालच्या गल्लीत कुणीतरी सायकल उभी केली. मग मेट्रनबाई उठल्या, पदर सारखा केला आणि किल्ली कठड्यावर दोनदा वाजवली.